दाराची उजवी बाजू

बाजारात रुतब आला. रुतब म्हणजे अर्धा पिकलेला खजूर. एक टोक पिवळं आणि कडक, दुसरं तपकिरी आणि मऊ. जुलै लागला की शारजात दार उघडल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते, श्वास घेतला तर कोणी ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखं वाटतं, आणि त्याच उकाड्यावर हा खजूर पिकतो. माणसं शिजतात आणि फळ गोड होतं. मला इथे येऊन वीस वर्षं झाली, पण हा न्याय काही मला पटलेला नाही.

खालचा केरळी दुकानदार म्हणतो, "आंटी, एकदम फ्रेश है." मी पाव किलो घेते. घरी आणून निळ्या काठाच्या ताटलीत ठेवते. दोन खाते. बाकीचे सॅमी, माझा मुलगा, येता-जाता संपवतो. मला हे फळ फार आवडतं असं नाही. पण ताटली भरली की ते एक वर्ष समोर येऊन बसतं.

त्या वर्षी दुबईतल्या उंच क्रेन जिथल्या तिथे थांबल्या होत्या. सॅमी शारजाच्या औद्योगिक भागात दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. बँका बुडाल्या, बिल्डर पळाले आणि इमारती अर्ध्यावर राहिल्या. पण दारं आधीच बनून तयार होती. एकदा मी त्याचा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं, कारखान्याच्या मागच्या मैदानात दारंच दारं. एकमेकांना टेकून उन्हात उभी. त्यांना भिंत नव्हती आणि घर नव्हतं. काहींना कुलूपसुद्धा बसवलेलं होतं. वारा आला की एखादं उघडायचं आणि पलीकडे नुसती वाळू दिसायची. मला हसू आलं. सॅमी म्हणाला, "आई, हसू नको, माझी नोकरी आहे ती." नोकरी टिकली. पगार निम्मा झाला.

आम्ही कोण, ते आधी सांगायला हवं, कारण वीस वर्षांत इथे कोणाला सांगितलं नाही. आम्ही बेने इस्रायल. अलिबागकडचे ज्यू. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले म्हणतात. मी काही पाहायला नव्हते. गाव आम्हाला शनवार तेली म्हणे, कारण शनिवारी आमच्या लोकांचा घाणा बंद असे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मराठी शाळेत. घरात मराठी, भांडण मराठी, देवाजवळ मागणंही मराठीत. फक्त दाराच्या उजव्या चौकटीला बोटभर लांबीची सागवानी डबी असे, आत देवाचं वचन लिहिलेलं कातडं. तिला मेझुझा म्हणतात. येता-जाता तिला बोट लावायचं आणि बोट ओठांना. ती डबी माझ्या बाबांनी स्वतः तासलेली. ते सुतार होते.

मी इथे आले तेव्हा सॅमीनं व्हिसाच्या फॉर्मवर माझ्या धर्मापुढे ख्रिश्चन लिहिलं. स्वतःच्याही तेच लिहिलं होतं. म्हणाला, "आई, नावं फ्लोरा आणि सॅम्युएल. कोणाला संशय येणार नाही. तोंड मात्र बंद ठेव." मी डबी बरोबर आणली होती. तो पांढरा पडला. ती तांदळाच्या डब्यात गेली. रोज भात घालताना वाटीला टक्कन लागायची.

इमारतीतली मराठी मंडळी डिसेंबरात मला केक आणून देत. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेबाई एकदा म्हणाल्या, "फ्लोराताई, तुम्ही ख्रिश्चन असून इतकं छान मराठी कसं हो बोलता?" मी म्हटलं, "तुम्ही कोकणस्थ असून पोहे इतके वाईट कसे करता?" त्या महिनाभर बोलल्या नाहीत. मग पोहे शिकायला आल्या.

आमच्याकडे एका सणाला दारफळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी कडक उपास, पांढरे कपडे, दार लावून घ्यायचं आणि बाहेरच्या कोणाला शिवायचं नाही, बोलायचं नाही. लहानपणी मला तो दिवस संपता संपत नसे. इथे आल्यावर वाटलं, सॅमीनं माझी रोजच दारफळणी केली. फरक इतकाच की उपास नव्हता.

समोरच्या दारात उम्म हानी राहायची. पॅलेस्टिनी. नवरा एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. तीस वर्षं आखातात काढल्यामुळे तिला मोडकी हिंदी यायची. सॅमीची आई म्हणून मला ती उम्म सामी म्हणे. "यल्ला उम्म सामी, चाय!" असं ओरडत ती दार ठोकायची नाही, ढकलायची. माझं सगळं तिला बघायचं असे. नवी पातेली, नवा पडदा, औषधाची नवी बाटली. बोट लावायची आणि विचारायची, "ये क्या?" हा तिचा रोगच होता. पहिला रुतब आला की तिच्या जावेच्या बागेतला खजूर निळ्या काठाच्या ताटलीतून माझ्याकडे यायचा. मी ताटली रिकामी परत देत नसे, तीही घेत नसे. माझ्या नारळाच्या वड्या तिला फार आवडत. सॅमीला ते शेजारपण आवडायचं नाही. "त्यांच्याशी तरी नको, आई." मी म्हणायचे, "मग लिफ्टशी बोलू का?"

त्याच वर्षाच्या सुरुवातीच्या थंडीत गाझात लढाई झाली. उम्म हानीचा भाऊ तिथे. तीन आठवडे तिच्या घरी टीव्ही बंद झाला नाही. मी रोज सकाळी जाऊन बसायचे. एकदा भावाचा फोन आला. त्याची धाकटी मुलगी गेली होती. सहा वर्षांची. उम्म हानीनं फोन खाली ठेवला, माझा हात धरला आणि आमच्या नावानं बोटं मोडायला लागली. अरबीत. मला सगळं कळत नव्हतं, पण यहूद हा शब्द कळत होता. यहूद म्हणजे मी. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी त्या पोरीला मारलं नव्हतं. मी त्या देशात कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण मी बोलले नाही ते काही तिला जपायचं म्हणून नाही. मला भीती वाटली म्हणून. हे मी साफ लिहिते.

त्या उन्हाळ्यात माझी मुलगी रिबेका लंडनहून आली. ती तिथे नर्स, लग्न झाल्यापासून तिकडेच. बरोबर तिची शेजारीण मार्गारेट. त्याच हॉस्पिटलात नर्स, उंच, ठिपक्याठिपक्यांच्या गोऱ्या दंडांची, मोठ्यानं हसणारी. मंदीमुळे तिकिटं स्वस्त झाली होती म्हणून दोघी आल्या. मार्गारेटला आम्ही खोर फक्कानच्या समुद्रावर नेलं तर ती कपड्यांसकट पाण्यात शिरली. देशपांडेबाई सोबत होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. परत आल्यावर सॅमी तासभर गाडीची ओली सीट पुसत होता.

रिबी सुखरूप आली म्हणून मी मलिदा केला. आमच्यात काही चांगलं घडलं की एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि खजूर. आधी खिडक्या लावल्या, पडदे ओढले. सॅमीनं हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. खजूर उम्म हानीच्या ताटलीतला. मार्गारेट विचारत होती, "पडदे का?" रिबीनं सांगितलं. मग मी भात लावायला उठले, वाटीला टक्कन आवाज आला, आणि मार्गारेटनं तांदळात बोटं घालून ती डबी बाहेर काढली.

ती किती चिडली! तोंड लालेलाल. रिबी मला मराठीत सांगत होती, "आई, ती म्हणते, देव तांदळात ठेवायची वेळ माणसावर यावी? म्हणते, इंग्लंडमध्ये कोणी ढुंकून बघणार नाही. म्हणते, द्या ती मला, मी माझ्या हातानं रिबेकाच्या दारावर लावते."

मी विचारलं, "खरंच कोणी काही म्हणत नाही तिकडे?"

"आई, मी ज्यू आहे म्हटलं की लोक म्हणतात, अय्या, इंडियात ज्यू असतात? आणि पुढे चिकन करीची रेसिपी विचारतात. बस."

मी डबी दिली. बाबांनी केलेली वस्तू निदान एका तरी दारावर असावी. मी मार्गारेटला म्हटलं, रिबीनं तिला इंग्रजीत सांगितलं, "दाराची उजवी बाजू. आत शिरताना उजवी. चुकू नका." तिनं सैनिकासारखा सलाम केला. पंधरा दिवसांनी फोटो आला. पांढरी चौकट, त्यावर बाबांची डबी, शेजारी स्क्रू ड्रायव्हर उंच धरून मार्गारेट. मी तो फोटो सॅमीलाही दाखवला नाही, इतका मला आनंद झाला होता.

त्याच आठवड्यात उम्म हानीच्या नवऱ्याची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा जातो. ते अम्मानला नातेवाइकांकडे निघाले. दोन दिवसांत घर रिकामं. जाताना ती मला मिठी मारून रडली. मी रडत नाही, माझी सवय नाही. ती म्हणाली, "उम्म सामी, तुम मेरा बहन." मी हो म्हटलं. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. सांगायला तेवढा वेळ होता. दोन शब्दांचं काम होतं. ताटली माझ्याकडे राहिली. तिनं जिला बहीण म्हटलं ती एक ख्रिश्चन बाई होती, आणि ती बाई मी नव्हे.

त्यानंतर कित्येक उन्हाळे आले. रुतब आला की मी रिबीला फोन करून विचारायचे, "डबी आहे ना?" ती म्हणायची, "आहे." आधी हसून म्हणायची. मग नुसती म्हणायची.

इंग्लंड काही एका दिवसात बदललं नाही. फोनवरून ते मला थोडं थोडं ऐकू आलं. आधी हॉस्पिटलात कोणीतरी म्हणालं, "तुमचे लोक तिकडे काय चालवतायत?" रिबी म्हणाली, "माझे लोक अलिबागला वाल सोलतायत." सगळे हसले. काही वर्षांनी तिनं तोच विनोद केला तर कोणी हसलं नाही. पुढे तिथल्या एका पक्षात ज्यूंवरून भांडणं लागली, पेपरात रोज तेच. रिबीनं म्हटलं, "आई, आता आमच्याबद्दल सगळे बोलतात. आमच्याशी कमी बोलतात." पूर्वी ज्यू म्हटलं की करी विचारायचे. आता ज्यू म्हटलं की क्षणभर थांबतात आणि विचारतात, तुझं इस्रायलबद्दल मत काय. चहाचा कप हातात द्यायच्या आधी. रिबी तिकडे कधी गेलेली नाही. तिनं आयुष्यभर म्हाताऱ्या इंग्रजांची ढुंगणं धुतली. पण उत्तर बरोबर आलं तरच चहा गोड.

सगळे तसे नाहीत, हेही रिबीच सांगते. खालच्या गल्लीतला म्हातारा तिला सणाच्या शुभेच्छांचं कार्ड न चुकता पाठवतो. तिच्या प्रार्थनेच्या ठिकाणी मात्र आता दारावर पहारेकरी असतो, आणि आत जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते.

इथे उलटं झालं. इथल्या आणि इस्रायलच्या सरकारांनी कागदावर सह्या केल्या आणि तिकडची विमानं दुबईला उतरू लागली. मॉलमध्ये टोपीवाले ज्यू बिनधास्त फिरताना देशपांडेबाईंनी पाहिले आणि मला येऊन सांगितलं, "फ्लोराताई, ज्यू बघितले हो मी, अगदी आपल्यासारखेच दिसतात." मी म्हटलं, "असं?" आणि पोहे पुढे केले.

मग ही आत्ताची लढाई. आधी गाझातून आलेल्या बंदूकधाऱ्यांनी इस्रायलमधली माणसं मारली, ओढून नेली. मग गाझा. मी टीव्ही लावते आणि मला उम्म हानीचा तो भाऊ आठवतो, त्याच्या उरलेल्या पोरांचं काय झालं असेल ते आठवतं. कोणाला विचारणार? माझ्याकडे तिचा नंबर नाही. ताटली आहे.

यंदा रिबी जुलैत आली. एकटी. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात खजुराच्या बिया काढत बसलो होतो. तिनं पिशवीतून लोकरीचा मोजा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत डबी होती.

मी विचारलं, "कोणी काढली?"

"मार्गारेटनं."

"भांडली?"

"नाही गं. विचारून काढली."

"आणि तू हो म्हणालीस."

"मी स्टूल धरलं."

मी बी काढत राहिले. तिनं सांगितलं ते असं. तिच्या फाटकावर कोणीतरी रंगानं काहीतरी लिहिलं होतं. रिबी ड्युटीवरून यायच्या आत मार्गारेटनं ते घासून काढलं. काय लिहिलं होतं ते आजतागायत सांगितलं नाही. संध्याकाळी तोच स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि म्हणाली, "थोडे दिवस, लव्ह. तुझ्याच भल्यासाठी." थोडे दिवस म्हणजे आता दीड वर्ष झालं. मार्गारेट गाझासाठी शनिवारी मोर्च्यालाही जाते, हातात पाटी घेऊन. तिनं जाऊ नये असं मी म्हणणार नाही. मेलेली पोरं मलाही दिसतात, मी ती त्यांच्यातल्याच एकीच्या आत्याशेजारी बसून पाहिली आहेत. मार्गारेट वाईट बाई नाही. रंग तिनंच घासला आणि डबीही तिनंच काढली. वाईट असती तर सोपं झालं असतं.

"भोकं?" मी विचारलं.

"पुट्टी भरून रंग दिला तिनं. छान दिला. तिथे काही होतं असं वाटतसुद्धा नाही."

मग म्हणाली, "पण माझं बोट जातं, आई. रोज. ड्युटीवरून आले की हात वर जातो आणि नुसत्या रंगाला लागतो. एकदा मार्गारेटनं पाहिलं. ती घरात निघून गेली."

"बोलता की नाही एकमेकींशी?"

"बोलतो की. हवामानावर बोलतो."

सॅमीला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आता इथे ती दारावर लावली तरी चालतं, आई. कायदा काही म्हणत नाही. पण आत्ताच नको. लढाई चालू आहे. इन्शाल्ला, पुढे बघू." रिबी म्हणाली, "राहू दे. तांदळात ठेव." साठीला आलेली माझी दोन पोरं, दोन देशांत राहणारी, आणि दोघांचं एकच उत्तर. रिबी परत निघाली त्या सकाळी बॅग घेऊन दारातून बाहेर पडताना तिचा हात आपोआप उजव्या चौकटीवर गेला. इथे तर कधीच काही नव्हतं. तिनं बोट ओठांना लावलं आणि लिफ्टमध्ये शिरली.

मी आत आले. सॅमी तिला सोडायला विमानतळावर गेला होता. तांदळाचा डबा उघडला, डबी काढली, पदराला पुसली. हातोडी मिळेना, म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला. एक खिळा वाकला, दुसरा नीट गेला. थोडी तिरकी बसली आहे. बाबा असते तर म्हणाले असते, काढ आणि पुन्हा ठोक. सॅमी परत आला, दारात उभा राहिला, डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आई," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "जेवायला बस."

आठ दिवस झाले. समोर आता एक तरुण जोडपं राहतं, दोघंही फोनमध्ये बघत ये-जा करतात, त्यांना दार दिसलं तरी पुष्कळ. देशपांडेबाई आल्या, चपला काढता काढता डबीकडे बघून म्हणाल्या, "हे वायफायचं बसवलंत वाटतं?" आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन पंख्याखाली बसल्या. मी उत्तर तोंडापर्यंत आणलं होतं. गिळलं नाही, पण पुन्हा कोणी विचारलंही नाही.

उम्म हानीनं विचारलं असतं. दार ढकलायच्या आधी तिचं बोट डबीवर गेलं असतं. "उम्म सामी, ये क्या?" दुसऱ्या हातात रुतबची ताटली असती. मी सांगितलं असतं. त्यानंतर तिनं ती ताटली माझ्या हातात दिली असती की तशीच परत नेली असती, ते मला माहीत नाही. ती अम्मानला निघाली त्या दिवशी, खाली टॅक्सी वाजत असताना मी सांगितलं असतं तर कळलं असतं.